वकिलाच्या नावाची मोकळी जागा

६ नोव्हें. ६४, शुक्र.

काल बोट आली. जुम्म्याहून परतल्यावर खोलीत टपाल वाचलं. दाऊदला आगाशे वकिलांचं पत्र आहे. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. मलाही आगाशे वकिलांचंच आलंय. पोस्टकार्ड, तीन ओळी. "आपले पत्र मिळाले. कागदांच्या नकला पाठवाव्यात. फी मागाहून कळविण्यात येईल."

तेच वकील, तीच शाई, तारीखही तीच.

दाऊदला अक्षरओळख नाही, म्हणून त्याची पत्रं मीच वाचतो आणि उत्तरंही मीच लिहितो. चार पानं मोठ्याने वाचली, सगळी खोली ऐकत होती. दाऊद गावी घर घेतोय, ते बघायला आगाशे स्वतः होडीने गेले होते. भरतीचं पाणी पायरीला कसं लागतं, माड कुठे वाकलाय, दुपारचं ऊन पडवीत कुठवर सरकतं. वाचता वाचता माझा आवाज बसला.

दाऊद म्हणाला, "हसनभाय, पाणी पी. घसा धरला तुझा."

घसा कसला. जळलो मी. इथे लिहायला काय हरकत आहे.

मीही घरच घेतोय, आणि कसलं, माझ्या शाळेतल्या गुरुजींचं. मराठी शाळेच्या कुंपणाला लागून आहे ते. पडवीत नुसतं बसलं तरी चौथीच्या पोरांची कविता चालीवर ऐकू येते. म्हातारपणी मला दुसरं काय हवंय. तिथे जायला आगाशेंना होडीसुद्धा लागली नसती.

८ नोव्हें., रवि.

ऑफिसातल्या मशिनवर कुलमुखत्यारपत्राचा मसुदा टाइप केला. मी इथे आखातात, देऱ्यात, घर रत्नागिरीकडे. खरेदीखतावर माझ्या वतीने सही करणारा कोणीतरी तिथे हवा. मेहुणा म्हणतो, कोर्टकचेरीची पायरी मी चढणार नाही. म्हणजे वकीलच.

सगळं लिहून झालं. वकिलाच्या नावाची जागा तेवढी मोकळी ठेवली. ती भरल्याशिवाय इंग्रज साहेबाच्या कचेरीत शिक्का मिळत नाही.

दोघांना विचारलंय. आगाशे आणि साळवी, दोघेही रत्नागिरीचे. मनात आगाशेच आहेत. पण तीन ओळी...

१३ नोव्हें., शुक्र.

साळवी वकिलांचं उत्तर. मी कोणाला वाचून दाखवलं नाही, दाखवण्यासारखं काही नव्हतंच. नुसते प्रश्न, एकाखाली एक आकडे घालून. विकणाऱ्याचे वडील कोणत्या साली वारले? छप्पनच्या आधी की नंतर? विकणाऱ्यास बहीण आहे काय? हयात आहे काय? विहीर घराच्या हद्दीत आहे की शाळेच्या? शेवटी, "उत्तरे आल्याशिवाय बयाणा देऊ नये."

माणूस आहे की फौजदार. मी त्यांना गुरुजींबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांचा उल्लेखही नाही.

आज दाऊदने आगाशेंचं गेल्या खेपेचं पत्र पुन्हा वाचायला लावलं. शेजारच्या खोलीतले दोघे मुद्दाम ऐकायला आले. एक म्हणाला, "दाऊदमियाँ, नशीब लागतं असा वकील मिळायला." दाऊद मिशीतल्या मिशीत हसला. लाँचवर इंजिनात तेल ओततो हा, आणि वकील त्याला माडाच्या सावल्या लिहून पाठवतो.

१४ नोव्हें., शनि.

बहीण आहे काय.

आहे. शकू. काल तो प्रश्न वाचला तेव्हा थोडा दचकलो होतो, ते काल लिहिलं नाही. घर विकतोय तो वसंता, गुरुजींचा मुलगा, पुण्याला असतो. त्याच्या एकाही पत्रात तिचं नाव नाही. गुरुजी अठ्ठावन साली वारले. म्हणजे छप्पननंतर. साळवी कशाला विचारतात ते कळायला वकील व्हायला नको. छप्पनच्या नव्या कायद्याने घरात तिचाही वाटा असणार, तिची सही लागणार.

गुरुजी घरी आमच्याकडून कविता म्हणून घ्यायचे तेव्हा ती आतल्या दाराशी उभी राहायची. मी कविता म्हणताना अडलो की ओठ हलवून पुढचा शब्द सांगायची. सगळ्यांसमोर पहिला नंबर माझाच. पण गुरुजी एकदा म्हणाले होते, "हसनची चाल गोड आहे. कविता मात्र शकूला कळली." पन्नास वर्षं झाली असतील. अजून खुपतं.

साळवींना उत्तर लिहिलं नाही. लिहू पुढे.

२० नोव्हें., शुक्र.

दाऊदचं आगाशेंना उत्तर. तो सांगतो, मी लिहितो. नेहमीसारखं.

दाऊद, "लिव, पावसात पायरीवर पाणी चढतं का?"

मी लिहिलं, "आषाढात भरती आमच्या उंबऱ्याशी येऊन हाक मारते, की पायरीवरूनच लाजून मागे फिरते?"

वाचून दाखवलं. दाऊद डोकं खाजवत म्हणाला, "मी एवढं बोललो?"

"म्हणालास की."

"मी बोललो पाणी चढतं का. लाजतं कोण?"

लेखणी हातातच राहिली. आगाशे चार पानं लिहितात ती या ओळींना. माझ्या ओळींना. आणि माझ्या स्वतःच्या पत्रात मी काय लिहिलं होतं? नक्कल काढून बघितली. "महाशय, वि. वि. विषयांकित मिळकतीसंबंधी आपली सेवा घेण्याचा मानस आहे." ऑफिसची भाषा. वकील आपल्याला हलका समजेल म्हणून जपून लिहिलेली.

म्हणजे इतके दिवस मी ज्याच्यावर जळत होतो तो मीच. कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पत्रं तर दाऊदच्याच नावाने येणार, त्याच्याच पेटीत जाणार.

२२ नोव्हें., रवि.

आगाशेंना माझ्या नावाने नवं पत्र. सहा पानं. काही हातचं राखलं नाही. शाळेची घंटा, गुरुजींची काठी जी कोणाला कधी लागली नाही, कुंपणावरची शेंदरी फुलं, श्रावणातल्या दुपारी एका सुरात पस्तीस गळे. इथल्या खाडीकडे बघत लिहिलं. गाढवावरून गोड्या पाण्याचे डबे चालले होते, तेही घातले. शकूबद्दल लिहिलं नाही. पत्राला शोभलं नसतं.

उद्याच्या बोटीने जाईल. आता बघू चार पानं कोणाला येतात.

२५ नोव्हें., बुध.

बायकोचं, जुलेखाचं पत्र, मेहुण्याच्या हातचं. "कविता ऐकायला घर घेताय ते ठाऊक आहे. मला विहीर पाहिजे. भावजयीच्या विहिरीवर नंबर लावून अकरा वर्षं झाली. विहीर नसेल तर ते घर तुम्ही एकट्यांनीच घ्या."

पाकिटात वसंताची चिठ्ठीही होती. जानेवारी अखेरपर्यंत थांबतो, नंतर दुसरं गिऱ्हाईक बघतो.

विहिरीचा प्रश्न साळवींनी विचारला होता. मला सुचला नव्हता. तेही एक.

१८ डिसें., शुक्र.

आलं. आगाशेंचं, माझ्या नावाने. साडेचार पानं. अंगणात जाऊन एकट्याने वाचलं. सुंदर. गुरुजींच्या पडवीत जाऊन बसले होते ते, पोरांची कविता ऐकली, डोळे भरून आले म्हणतात. माझेही आले.

चौथ्या पानावर... नक्कलच करतो. "आपल्या पत्रात रस आहेच. तथापि आपले मित्र श्री. दाऊद यांच्या लेखणीतला सहजपणा काही और. त्यांच्याकडून आपण थोडे घेण्यासारखे आहे."

पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दाऊद, "काय म्हणतो वकील?"

"घर बघून आले."

"बस? साडेचार पानं दिसली मला."

"तुझ्याबद्दल विचारलंय."

"सलाम लिव माझा."

त्याच्याकडून घेण्यासारखं. दाऊदकडून. अक्षर एकच आहे, तेही त्यांना दिसलं नाही. आणि हे मी कोणाजवळ बोलूही शकत नाही. काय सांगणार, की दाऊद म्हणजे मीच? शेजारचे हसतील, दाऊदला वाईट वाटेल, आगाशे तर पुन्हा लिहायचेच नाहीत.

२० डिसें., रवि.

दाऊद आज लाँचवरून लवकर आला. म्हणाला, आगाशेंची सगळी पत्रं पुन्हा वाच, पहिल्यापासून. तेरा पानं वाचली. शेवटी म्हणाला, "हसनभाय, ह्यात माझ्या घराला रस्ता कुठून ते लिवलंय काय? होडीने गेला होडीने आला. उद्या माझी बायको बाजाराला होडीने जाईल?"

पुन्हा चाळली. रस्त्याचा शब्द नाही.

"गोड लिवतो. ऐकताना डोळा लागतो माझा. पण वकिलाच्या पत्राने झोप उडाली पाहिजे. तुझ्याकडे दुसरा एक होता ना, प्रश्न विचारणारा?"

त्याला साळवींचा पत्ता द्यायचं माझ्या जिवावर आलं. साळवी तरी माझेच राहू देत, असं वाटलं. ज्यांच्यावर महिनाभर रागावलो, ते.

खिशातलं आगाशेंचं पत्र पुन्हा काढलं. गुरुजींची पडवी आहे. विहीर नाही. शकू नाही. मी लिहिलं नाही म्हणून त्यांनी विचारलं नाही. मी सूर दिला, ते त्याच सुरात गायले.

२१ डिसें., सोम.

मोकळ्या जागेत साळवींचं नाव टाइप केलं. अबऱ्यातून, इथल्या होडीतून, खाडी ओलांडून पलीकडे साहेबाच्या कचेरीत शिक्का घेतला. कारकून म्हणाला, "खलास, चाचा. अब घर आपका." 

साळवींना उत्तरं लिहिली, त्यांच्याच आकड्यांनी. गुरुजी अठ्ठावनमध्ये वारले. बहीण आहे, शकुंतला, बहुधा राजापुरास दिली. विहिरीचं ठाऊक नाही, कृपया बघावे. हे लिहून आपण काय करतोय ते कळत होतं. शकू नाही म्हणाली तर घर गेलं. वसंताला राग येऊन त्याने दुसऱ्याला दिलं तरी गेलं. जुलेखाला काय सांगू ते अजून ठरवलेलं नाही.

दाऊदचं पत्रही त्याच पाकिटात घातलं. त्याने सांगितलं तसंच लिहिलं. "घरास रस्ता कोठून आहे?" शेवटी एक ओळ सुचली होती, वाटेवरच्या पाचोळ्याची. घातली नाही.

२२ जाने. ६५, शुक्र.

साळवींचं पत्र. एक पान. दाऊदच्या रस्त्याचं वेगळ्या कागदावर आहे, जुम्म्यानंतर वाचून दाखवीन. माझं आधी वाचलं.

१) विहीर घराच्या हद्दीत आहे. शाळेस पाण्याचा हक्क आहे, तो राहील.

२) श्रीमती शकुंतलाबाई राजापुरास हयात आहेत. मी स्वतः भेटलो. घर विक्रीस काढल्याचे त्यांस ठाऊक नव्हते. भावाशी बोलणे नाही.

३) घेणाऱ्याचे नाव सांगितले. त्या आपणास ओळखतात. सहीबाबत त्या विचार करून कळवितील. विकावे असे त्यांच्या मनात दिसले नाही. महिनाअखेर उत्तर येईलच असे सांगवत नाही. विकणाऱ्यास मुदत वाढविण्याविषयी लिहिले आहे, उत्तर नाही.

४) बाईंनी एक कविता पूर्ण म्हणून दाखविली. त्यात पाऊण तास गेला. तो फीमध्ये धरलेला नाही.

एवढंच. कोणती कविता, ते नाही. चालीवर म्हटली की नुसती, ते नाही. मी अडायचो ती जागा तिने कशी घेतली, तेही नाही. साळवींसारखा माणूस, ज्याला पाचोळा लिहून पाठवायची मला लाज वाटली, तो पाऊण तास तिच्यासमोर बसला आणि ऐकून आला. मी इथे, खाडीच्या कडेला.

महिनाअखेरीला नऊ दिवस. बोट सोमवारी सुटते, पत्राला तिकडे पोचायला बारा दिवस. मुदतीआधी काही पोचत नाही. तरी साळवींना लिहायला घेतलंय. पहिला प्रश्न वसंताच्या उत्तराचा, दुसरा सहीचा. तिसरा आकडा घातलाय, पुढे अजून काही लिहिलेलं नाही.