माउसच्या गोळीला हळद-कुंकू

बाबा, तुझा चित्रांचा प्रोग्राम चालला एकदाचा. तुझ्या नातीची हळद उद्यावर आलीये आणि पोरीने हट्टच धरलाय, मांडवाच्या कमानीवर होडी हवी ती आजोबांनी मम्मीच्या लग्नपत्रिकेसाठी काढलेलीच. छापलेली पत्रिका एकही उरलेली नाही. होडी उरलीये ती तू स्वतः लिहिलेल्या त्या डॉसच्या प्रोग्राममध्ये, आणि तो नव्या लॅपटॉपवर उघडायलाच तयार नव्हता. सीवूड्सचा बॅनरवाला सकाळपासून पिच्छा पुरवत होता, "मॅडम, आज फाइल नाय आली तर मी गुलाब टाकून मोकळा होईन." गुलाब! म्हटलं, दम धर जरा. नेरूळच्या कॉलेजात अख्खी लॅब सांभाळते मी, आणि शिकलेय बापाकडे.

जुन्या मशीनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर मिळतं आता. त्यात तुझा प्रोग्राम टाकला, तर स्क्रीन काळी आणि वर नुसत्या वेड्यावाकड्या पट्ट्या. माउसचे बाण दोन, एक लॅपटॉपचा, एक तुझा, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. लेक म्हणाली, "मम्मी, सगळी सेटिंग बदलून टाक ना एकदम!" आणि मला आपलं बोनकोड्याचं घर आठवलं.

दसरा आहे. पुढच्या खोलीत तुझा कॉम्प्युटरचा क्लास, मॉनिटरला झेंडूचा हार. गाडीच्या चाकांना लावतात तसं तू माउस उलटा करून खालच्या गोळीला ओलं हळद-कुंकू लावतोस. चाकच की ते! दुसऱ्या दिवशी बाण नुसता आडवा पळतो, वर जायचं नाव नाही. मी वायर उपटते, बटणं दाबते, मशीन बंद करते, सगळं एका दमात. तू ओरडतोस, "अगो, एका टायमाला एकच बदल! चार बदललंस त कोनचा लागू परला ता कसा कललं?" दारातून आई म्हणते, "कुंकू कोनी लावला, ता पन इचार तिला." मग गोळी काढून ओल्या फडक्याने पुसलीस आणि आपण तिघं पोट धरून हसलो.

तर आजही एका वेळी एकच. आधी व्हिडिओ कार्ड तुझ्या काळचं निवडलं, पट्ट्या गेल्या. मग माउस त्या एका खिडकीतच कोंडून ठेवला, एकच बाण राहिला. होडीवर क्लिक केलं आणि ती पापणी लवायच्या आत समोर हजर. मला ते काही रुचलं नाही. म्हणून वेग उतरवत उतरवत तुझ्या मशीनइतका आणला.

तुझा प्रोग्राम प्रत्येक रेषा तू काढलीस त्याच क्रमाने काढतो, हे मी साफ विसरले होते. आधी शीड येतं, मग नाळेचं पुढचं टोक, मग पाणी. एक लाट वाकडी जाते, पुसली जाते, परत येते. बाबा, तुझा हात दिसला रे. मी खूप रडले.

हे तुला पाठवायचं तरी कुठे! बॅनरवाल्याला फाइल दुपारीच गेली, होडी छापूनही झाली असेल. घरात मात्र सांगितलंय, स्क्रीनचा प्रॉब्लेम अजून सुटला नाही, एवढ्यात कोणी आत येऊ नका. होडी मी परत पहिल्या रेषेपासून लावलीये.