वाट्यांची बेटं

नाना, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत श्राद्धाचं पान वाढण्यापलीकडे मी तुमच्याशी काही बोलले नाही, आणि आज लिहायला बसले आहे तीही तुमच्याच विषयामुळे, इतिहासामुळे. तुमची नात आता तेरा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. इथे कतारमध्ये, दोह्यात, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत जाते, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. गेल्या महिन्यात ती शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली की इतिहासाच्या तासाला वादविवाद आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेने स्पेनला हरवलं, तेव्हा हाती आलेली फिलिपीन्सची बेटं तिने स्वतःकडे ठेवावीत की नाही, असा विषय. बाजू कुणी निवडायची नाही, चिठ्ठी उचलायची. हिच्या चिठ्ठीत आलं होतं, ठेवावीत. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि मनापासून हसले. तीस वर्षांपूर्वी माझ्याही चिठ्ठीत जवळपास हेच होतं, हे तुमच्याशिवाय आता कुणाला सांगणार?

तुम्हाला आठवतं का माहीत नाही. मी आठवीत आहे, आपण नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांत राहतो, आणि तुम्ही शाळेतून येऊन कोटही न काढता स्वयंपाकघरात फरशीवर बसता. वरच्या वर्गाला उद्या शिकवायचा धडा आदल्या संध्याकाळी माझ्यावर आजमावून बघायची तुमची सवय. आईने जेवणासाठी मांडलेल्या वाट्या तुम्ही उचलता आणि फरशीवर एकापुढे एक लावता. ही पाटाजवळची अमेरिका. ही हवाई, ही ग्वाम, आणि ती पार मोरीच्या कडेला मनिला. जहाज कोळशावर चालतं, म्हणून कोळसा भरायला वाटेत एक बेट लागतं. बेट राखायला शिपाई लागतात. शिपायांना रसद पोचवायला पुढचं बेट लागतं. मध्ये कुठे थांबायचं हे कुणालाच कळत नाही, असं म्हणत तुम्ही वाट्या सरकवत राहता, आणि आई कढईवरून मान न वळवता विचारते, "आणि त्या वाटीतल्या माणसांना कुणी विचारलं का?" तुम्ही म्हणता, त्यांनी तर स्पेनशी लढून आपलं राज्य जाहीरही केलं होतं, पण विचारलं नाही कुणी. मग आईने मनिला उचलली आणि तिच्यात आमटी वाढली.

पुढच्याच महिन्यात आंतरशालेय स्पर्धा होती. मागासलेल्या देशांचा कारभार पुढारलेल्या देशांनी सांभाळावा की नाही, असा विषय होता आणि मला चिठ्ठी आली 'सांभाळावा' ही. मी तुमच्याच वाट्या घेऊन गेले. शाळा काढल्या, रस्ते बांधले, दवाखाने आले, जहाज भरून मास्तर पाठवले. ही माणसं अजून तयार नाहीत, आपण सोडलं तर दुसरा कुणी वाईट येईल, आणि हे सगळं तयार होईपर्यंतच आहे. टाळ्या पडल्या. ढाल घेऊन नाचत घरी आले. तुम्ही ढाल हातात घेतली, मागून-पुढून पाहिली आणि विचारलंत, "मग परत कधी द्यायचं?" मी म्हणाले, तयार झाले की. तुम्ही म्हणालात, "आणि झाले की नाही, हे कोण ठरवणार?" मी फटकन म्हणाले, "ज्याच्या ताब्यात आहे तो." तुम्ही ढाल फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "आज तू हरायला हवी होतीस." बस, तेवढंच. जन्मात दुसऱ्या कुठल्या बोलण्याने मला इतकं लागलं नाही. जिंकल्याबद्दल बोलणी खाणारी मी जगातली एकटीच मुलगी असेन, असं वाटून मी रडत बसले होते. नंतर तुम्ही मला तुमचा जुना नकाशासंग्रह दिलात, ज्यात त्या बेटांवर तुमचे पेन्सिलीचे ठिपके आहेत. तो इथे फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या फळीवर आहे. इथून पाऊण तासावर वाळवंटात अमेरिकेचा हवाई तळ आहे. तुम्ही असता तर तिथेही एक वाटी ठेवली असती.

आता जिच्यामुळे लिहिते आहे तिच्याबद्दल सांगते. आमच्याकडे चार वर्षांपासून एक फिलिपीन्सची बाई राहते. माझी मुलगी तिला आते म्हणते, त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तुमचे जावई उत्तरेला गॅसच्या प्लांटवर असतात, गुरुवारी संध्याकाळी येतात आणि शनिवारी परत जातात. मी सकाळी सातला ऑफिसला जाते. मधलं सगळं घर आतेवर उभं आहे. मुलीला ताप आला तर तिच्या कपाळावर हात आतेचा असतो. आमचं वरण ती माझ्यापेक्षा चांगलं करते. आणि तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे. ती आली तेव्हा हळदीकुंकवाला भेटलेल्या बायकांनी मला बजावलं होतं, की पासपोर्ट आपल्याकडे ठेव गं, नाहीतर दोन महिन्यांत दुसरं घर बघतात. असं ठेवणं इथल्या कायद्यात बसत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी आतेला म्हणाले, इथे सेफ राहील, हरवला तर तुलाच त्रास. ती म्हणाली, येस मॅम, थँक यू मॅम. थँक यू म्हणाली, नाना.

मार्चमध्ये तिने रजा मागितली. तिची मुलगी नर्सिंगचं शिकते आहे, जूनमध्ये तिचा पदवीचा समारंभ आहे, आणि आतेने मुलीला चार वर्षांत फक्त फोनवर पाहिलं आहे. आपल्या मराठी कॅलेंडरवर, संकष्टीच्या खुणेच्या दोन घरं पुढे, तिने त्या तारखेभोवती बॉलपेनने एक लहानसा गोल काढला. मी तिला इन्शाल्ला म्हणाले. आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जावर साहेब इन्शाल्ला म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'नाही' असा घ्यायचा, हे आम्हा सगळ्यांना कळतं. तिलाही कळलं असणार. ती गेली आणि परत आली नाही तर मला नोकरी सोडावी लागेल. नोकरी सोडली की दिवसभर या भिंती आणि खाली पार्किंग, आणि मी दहा वर्षांत जे काही झाले आहे ते खलास. एवढी भीती मला वाटते. ती मी तिला सांगत नाही. तिला सांगते, विमानांचं काही खरं नाही, तुझी कागदपत्रं बघायला हवीत, तू एकटी कुठे धावपळ करशील.

वादविवादाची तयारी आम्ही ओट्यापाशी केली. मला चेव आला होता. मुद्दे मी सांगत होते, मुलगी इंग्रजीत बसवत होती आणि आते शेजारी भेंडी चिरत होती. ते अजून तयार नाहीत. आपण सोडलं तर दुसरा कुणी घेईल. आपण फक्त सांभाळतो आहोत, त्यांच्याच भल्यासाठी. मुलगी एका शब्दावर अडखळली तेव्हा आतेने तो नीट उच्चारून दाखवला. शाळेत इंग्रजी शिकलेली आहे ती. तिच्या देशात ते अमेरिकेनेच आणलं, तुम्ही सांगितलं होतंत. भाषण संपल्यावर तिने सुरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही. मी मनात म्हटलं, मुलीचा आवाज तुमच्यावर गेला आहे.

ती जिंकली. आतेने फिलिपिनो बेकरीतून वरून चीज किसलेला गोड पाव आणला होता आणि आम्ही तिघी टेबलाशी बसून तो खात होतो. मुलगी म्हणाली, एका मुलाने विचारलं, किती वर्षं ठेवणार, तेव्हा तिने सांगितलं, तयार होईपर्यंत. आते हसून म्हणाली, तिच्या आजीची आई त्या वेळी लहान होती. अमेरिकेच्या सैनिकांनी गावोगावच्या लोकांना एका ठिकाणी आणलं, भोवती रेषा आखली आणि सांगितलं की रेषेच्या आतच राहा. घरं, भात, म्हशी, सगळं बाहेर राहिलं. मुलीने विचारलं, का? आते बोटाला लागलेली साखर रुमालाला पुसत म्हणाली, "फॉर प्रोटेक्शन, दे सेड." मग तिने माझ्या मुलीला आणखी एक तुकडा वाढला. हे तुमच्या धड्यात नव्हतं, नाना. तुमच्या वाट्यांत माणसं कधी दिसलीच नाहीत, आईला दिसली तेवढीच. आतेच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी चिडले तरी असते.

परवा शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडलं. आमचे तीन पासपोर्ट, मुलीचा जन्मदाखला आणि खाली आतेचा पासपोर्ट. फोटोत ती बारीक आहे आणि केस लांब आहेत. तो हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. देऊन टाकायचा, तिकीट काढ म्हणायचं, असं मी पुन्हा पुन्हा मनात घोकलं होतं. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्या हाताकडे पाहिलं. तिच्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं. तिने विचारलं, "मॅम, व्हेन?" एवढंच. मी म्हणाले, रिन्यू कधी करायचाय ते बघत होते, अजून वेळ आहे. ती म्हणाली, ओके मॅम. मी परत खोलीत गेले आणि तो होता तिथे ठेवला. ती वकिलातीत जाऊ शकते, तक्रार करू शकते. ती करणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि मी त्याच्याच भरवशावर आहे. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. या घरात कोण कुणाला अडकवून बसलं आहे, असं तुम्ही विचाराल. मला बाहेर पडायला दार आहे, नाना, माझी हिंमत होत नाही. तिला हिंमत आहे, तिचं दार मी धरून ठेवलं आहे.

त्या गोलाला आता अकरा दिवस उरले आहेत. हे लिहिते आहे आणि ती बाहेर इस्त्री करते आहे, माझेच ऑफिसचे कुर्ते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणूनच इतकं खरं लिहिता आलं. तुम्हाला पोचणार असतं, तर मी पासपोर्ट देऊन टाकला असं लिहिलं असतं.