पाव हिस्सा

प्रिय भिंगरी,

अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण इस्पितळाच्या बाकावर बसून, कागदाखाली एक जुनं मासिक धरून लिहितोय. चष्मेकाकांना परवा दुकानातच झटका आला. भिंग घासायचं मशीन चालू राहिलं आणि माणूस थांबला. जीव वाचलाय, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तुला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तुझा आवाज कानावर आला आणि मी 'सहजच केला होता, सगळं ठीक' म्हणून ठेवून दिला. जन्मभर मुलांकडून खड्या आवाजात कविता म्हणवून घेतल्या, आणि स्वतःच्या वेळेला एक साधं वाक्य म्हणता आलं नाही, म्हणून कागद घेतला.

काल रात्रीपासून डोळ्यांपुढे सारखा तुझा पहिला चष्मा येतोय. तुझे बाबा गेले, आई तुला घेऊन माझ्याकडे, तिच्या भावाकडे, राहायला आली, तिची नर्सची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. शाळेत तू फळ्यावरचं काही लिहून घेत नाहीस म्हणून बाई चिडल्या होत्या, आणि तू घरी येऊन शांतपणे सांगितलंस की फळ्यावर ढग आलेत. मी कवितेचा माणूस, मला ती उपमाच वाटली. मी ती चार जणांना कौतुकानं ऐकवलीसुद्धा! चष्मेकाकांनी मात्र तुला उचलून दुकानातल्या उंच स्टुलावर बसवलं. तुझ्या नाकावर बसेल इतकी लहान फ्रेम मिळेना, तेव्हा एक मोठी कापून, तापवून, मागे इलॅस्टिक लावून दिली. तू रस्त्यावर आलीस, समोरच्या झाडाकडे पाहिलंस आणि 'पान, पान, पान' करत स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागलीस. झाडाला सुटी सुटी पानं असतात हे तुला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून तू भिंगरी. तुझी आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. रात्री तिनं न विचारता तीनऐवजी चार ताटं मांडली, चौथं चष्मेकाकांचं, आणि पुढे ती जाईपर्यंत रोज चारच मांडली. आमच्या घरात या विषयावर झालेली ती एवढीच चर्चा.

गेल्या वर्षी तुझं व्याख्यान ऐकायला आम्ही दोघं आलो होतो, मागच्या रांगेत. शेवटी एका गृहस्थांनी उठून खवचटपणे विचारलं, की ज्यांना बायकांची ओढच नसते, पोरंबाळं होत नाहीत, असे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जन्माला कसे येतात, तुमच्या उत्क्रांतीनं त्यांना कधीच गाळून टाकायला हवं होतं. तू रागावली नाहीस. म्हणालीस, नक्की कुणालाच ठाऊक नाही, आणि कारण एकच असेल असंही नाही. कदाचित तीच जनुकं घरातल्या बायकांमध्ये आली की त्यांना मुलं जास्त होत असतील. कदाचित थोरले भाऊ जितके जास्त, तितका धाकट्यावर आईच्या पोटातच काही परिणाम होत असेल. (माझ्यावर तीन थोरले होते, मी तिथल्या तिथे बोटं मोजली.) मग पाखरांचं सांगितलंस, स्वतःचं घरटं न बांधता बहिणीच्या पिलांना चारा भरवणाऱ्या. भाचरांमध्ये आपल्या रक्ताचा पाव हिस्सा असतो, ती जगली की आपलंही थोडं पुढे जातं. एका बेटावर असे मामा भाचरांवर जास्त जीव टाकताना दिसलेत, दुसरीकडे शोधलं तर तसं आढळलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलंस. आणि मग हसून म्हणालीस, 'माझा मामाच बघा ना. लग्न केलं नाही, मला वाढवलं.'

सगळं सभागृह हसलं. तू समजून उमजून बोललीस की नुसतंच जिभेवर आलं, हे मला आजवर उमगलेलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. शेजारी चष्मेकाका चष्मा पुसत बसले होते, स्वच्छ काच, पुन्हा पुन्हा. घरी चालत जाताना मी म्हटलं, निसर्गानं चांगलाच मामा केला माझा. ते म्हणाले, 'तुला निदान पाव तरी मिळाला. माझ्या वाट्याला चुरासुद्धा नाही.' आणि आम्ही दोघं म्हातारे रस्त्यातल्या खांबाला धरून हसत राहिलो. येणारे जाणारे बघत होते, प्यायलेले आहेत की काय म्हणून.

पण भिंगरी, ते हसणं माझ्या छातीत अडकून बसलंय. तुझ्या सिद्धांतात मी बसतो. अगदी पहिल्या बाकावर बसतो. त्याचं काय? त्याला ना भाऊ, ना बहीण. तुझ्यात त्याच्या रक्ताचा थेंब नाही. तुला कांजिण्या आल्या तेव्हा मी घाबरून दाराबाहेर येरझाऱ्या घालत होतो, उशाशी तो बसला होता. तुझं पहिलं सूक्ष्मदर्शक त्यानं जुन्या भिंगांतून जुळवलं, आणि त्याखाली कांद्याचं साल ठेवून तुला हाक मारली. निसर्गाला यातून काय मिळालं? वर्गात चार ओळींची रुबाई शिकवायचो तेव्हा दरवर्षी कुणीतरी हात वर करायचंच, की सर, तिसऱ्या ओळीचं यमक जुळत नाही, छपाईची चूक दिसते. मी म्हणायचो, बाळा, तीच ओळ नीट म्हण, ती अशी मोकळी सुटते म्हणून चौथी घरी येते. हे काही शास्त्र नव्हे, ठाऊक आहे मला. माझ्याकडे दुसरं काही नाही.

तुझ्या लक्षात आलं का बघ, मघाशी मी चष्मेकाकांना 'ते' लिहीत होतो आणि आता 'तो' लिहायला लागलो. तुझ्यासमोर इतकी वर्षं सांभाळलेलं अनेकवचन होतं ते. तू झोपलीस की गळून पडायचं.

काल काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, पेशंटचं आणि तुमचं नातं? आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, 'शेजारी'. तो दुकानावरच्या खोलीत, मी पलीकडच्या घरात, जगाला आम्ही हेच सांगत आलो. त्यानं ते नाम समजून लिहून घेतलं. मी व्याकरणाचा मास्तर, मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, ते शब्दयोगी अव्यय आहे, मी जन्मभर त्याच्या शेजारी होतो. पण लिहिलं गेलं ते गेलं. आत फक्त नातेवाईक. मी दाराच्या काचेतून हात हलवतो, तो माझ्याच दिशेला बघतो आणि त्याला मी दिसत नाही. त्याचा चष्मा माझ्या खिशात आहे, भिंगरी. गाडीत घालताना कुणीतरी काढून माझ्या हातात दिला. नर्स म्हणते, पेशंटच्या वस्तू नातेवाइकांकडूनच घेता येतात. लोकांना डोळे देणारा माणूस आत आंधळा पडलाय. आज त्याच्या चुलतभावाचा मुलगा आलाय, इतक्या वर्षांत न फिरकलेला. मी चष्मा पुढे केला तर म्हणाला, आजोबा, आता त्यांना काय करायचाय चष्मा. वाईट नाही तो, नुसता घाईत आहे. परवा सकाळी गाडी करून त्याला आपल्या गावाकडच्या कुठल्याशा आश्रमात नेणार आहे. रक्ताचा आहे ना, त्याच्या सहीवर सगळं चालतं. पत्ता विचारला तर म्हणाला, कळवतो.

तिथं त्याचं काही बरंवाईट झालं तर मला कुणी कळवणार नाही, म्हणून हे पत्र. दुकानातल्या कारागीर बाई पहिल्या बसनं ते घेऊन निघताहेत, वाचून झालं की त्यांच्याबरोबरच ये. काउंटरवर विचारतील तेव्हा अडखळू नकोस, पुतणी म्हण. लहानपणापासून काका म्हणत आलीस, त्यात खोटं काय? आत जाऊन आधी त्याला चष्मा घाल, काच तुझ्या ओढणीला पुसून. नर्स म्हणते त्याला समजतं सगळं, डावा हातही चालतो, आणि समजणाऱ्या पेशंटला त्याच्या मर्जीविरुद्ध कुणी हलवू शकत नाही. मग मोठ्या डॉक्टरांना तिथं उभं कर, बाहेर काचेला नाक लावून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखव आणि सगळ्यांसमोर त्याला विचार, काका, हा तुमचा कोण? तो काय खूण करेल मला माहीत नाही. आम्हाला ती कधी कुणासमोर करावी लागली नाही. पण माझ्यासारखा 'शेजारी' म्हणून मोकळा होणार नाही, एवढं मी त्याला ओळखतो.

तुझाच, पाव हिश्श्याचा,
मामा