बंगल्याची सगळी दारं

६ जानेवारी, सोमवार

बंगला मोजून आले. डोकं अजून ठणकतंय.

चंद्रपूरच्या बाहेर, चारी बाजूंनी उंच भिंत. आत प्लास्टिकची झाडं. या जंगलाच्या जिल्ह्यात राहून जो माणूस प्लास्टिकची झाडं विकत आणतो त्याला काय म्हणावं? मालक प्रफुल्ल – घुग्घुसला कोळशाचे ट्रक चालतात त्याचे. मुलगी दिव्यानी, पुढच्या महिन्यात सात वर्षांची होते. तिला वाढदिवसाला बाहुलीघर हवं. साधं नाही, याच बंगल्याचं हुबेहूब! म्हणजे पोरीनं एका घरातून उठायचं आणि त्याच घराशी खेळायला बसायचं.

"सगळी दारं उघडली पाहिजेत हं," बाईसाहेब म्हणाल्या. नाव खुशबू. माहेर नागपूरचं. बोटांना नेलपॉलिश, तोंडात साखर. "खरीखुरी उघडली पाहिजेत. नुसती चिकटवलेली नकोत." एकदा सांगून कळत नाही असं वाटलं असेल माझ्याकडे बघून, म्हणून परत परत सांगितलं.

मी टेप धरून उभी आणि हिला सारखे नवऱ्याचे फोन. "हो, आल्यात. बाईच आहेत. नाही, एकट्याच. खालीच आहोत, हॉलमध्ये." सगळं लाडात सांगत होती. मूल शाळेत गेलं तरी यांचं नवेपण सरत नाही. मला फाटकापर्यंत सोडायला निघाली तर ड्रायव्हर बिरजू मागोमाग. अंगणात चार पावलं टाकायलाही ड्रायव्हर लागतो या लोकांना.

वरचा मजला दाखवला नाही. म्हणे, "यांना विचारून कळवते." स्वतःच्या घराचा जिना चढायचा, तोही विचारून. थोरामोठ्यांच्या रीती!

९ जानेवारी

दिवसभर बिजागऱ्या. एकही धड नाही.

पितळेचा पत्रा कापायचा, सुईभोवती वळवायचा, दोन पाकळ्यांची वेटोळी एकमेकांत बसवायची, मधून टाचणी सरकवायची. लिहायला किती सोपं. पाकळी माझ्या करंगळीच्या नखाहून लहान. वळवताना पत्रा चिरतो. वळला तर वेटोळं मोठं होतं, दार डुगडुगतं. आणि दाराला लावताना गोंदाचा एक कण टाचणीपाशी गेला की संपलं, दार जागच्या जागी मरतं.

बाबा बाजूला बसून मजा बघत होते. भद्रावतीच्या कारखान्यात सारी नोकरी फिटर म्हणून काढली, तरी मदतीला हात पुढं नाही. "बाहुलीच्या घराले कब्जे! तिची बाहुली का चोराले भेते?"

मी म्हटलं, "बाबा, पकड द्या."

"माही पकड खेळण्यासाठी नाई."

मग दिली.

१२ जानेवारी

पहिली बिजागरी फिरली. बाबांनी दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, पकड परत मागितली नाही. म्हणजे जमली.

१५ जानेवारी, बुधवार

शेजारच्या मनकर्णाबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या. लाडू हे निमित्त. पत्र्याच्या खोलीत डोकावून माझं सगळं सामान न्याहाळलं आणि मग मुद्द्यावर आल्या. "रंजीता, किती दिवस खेळणे करत राह्यशीन? कुलदीप काही दारू पेत नव्हता म्हणते लोकं."

नव्हता पीत माझा नवरा. शुद्धीत मारायचा. हे मनकर्णाबाईंना मी सांगितलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की माणसाचा राग आहे, उतरते. त्यांच्या नवऱ्याचा राग मरेपर्यंत उतरला नव्हता. पण शहाणपण वाटायला निघाल्या आहेत, लाडवांबरोबर.

लाडू दगड होते.

१८ जानेवारी, शनिवार

आज वरचा मजला मोजला. साहेबांची परवानगी मिळाली एकदाची! खुशबू सोबत, बिरजू जिन्याखाली, आणि दिव्यानीला शाळेला सुट्टी म्हणून तीही पायात पायात. पोरगी बरी आहे. टेपचं टोक नीट धरते, बडबड करत नाही.

वर तर थाटच थाट. दारांना निघत्या पिनांच्या बिजागऱ्या – वरून पितळी टोपी, मोठ्या हॉटेलात असतात तशा. आमच्याकडे पिना ठोकून पक्क्या केलेल्या असतात आणि दारं चांगली उघडतात. पण नाही, यांना टोपी पाहिजे. आता मलाही तसल्याच करायला हव्यात, नखाएवढ्या.

एक गोष्ट विचित्र वाटली. कोपऱ्यातल्या मोठ्या बेडरूमच्या दाराला कडी बाहेरून आहे. आतून काही नाही. घर नवं कोरं, सगळीकडे पॉलिश, आणि या एकाच दारावर बाजारातली जाड लोखंडी कडी, तिरक्या स्क्रूंनी बसवलेली. मी माप लिहायला लागले तर खुशबू म्हणाली, "ती नका घेऊ. ती राहू द्या."

"हुबेहूब पाहिजे म्हणाला होतात."

"दार घ्या ना. कडी नको."

माझ्या डोक्यात एकच आलं. घरात कामाला सुकरी आहे, पोंभुर्ण्याकडची. हिलाच कोंडत असणार हे लोक. निघताना मागच्या दारी तिला गाठलं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी त सांजेले घरी जातो, बाई. मले कोन कोंडते?" आणि भांडी घासत राहिली.

मग कुत्रा असेल. अशा घरात माणसांपेक्षा कुत्र्याला मोठी खोली देतात. आज दिसला मात्र नाही.

२१ जानेवारी

खुशबूचा फोन. बिजागऱ्यांचा रंग सोनेरीच राहील ना? काळा पडणार नाही ना? पितळ आहे बाई, काळं पडेल. या जगात तिच्या जिवाला एवढीच काळजी आहे.

२५ जानेवारी, शनिवार

काय लिहू, कळत नाही.

खुशबू आणि दिव्यानी काम बघायला भद्रावतीला आल्या. बिरजूनं गाडी दारात लावली आणि आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. बाबांनी बसायला खुर्ची दिली तर नको म्हणाला.

भिंती उभ्या झाल्यात, खालची दारं बसलीत. दिव्यानी एकेक दार बोटानं उघडत होती, अगदी हलक्या हातानं. खरंच बरी पोरगी. वरच्या मजल्यापाशी थांबली.

"काकू, मम्मीच्या दाराची कडी राहिली."

मी म्हटलं, "कुठली गं?"

"बाहेरची. पप्पा रागावले की कामावर जाताना लावतात. मग मी शाळेतून आले की आम्ही दारातून बोलतो. मी इकडे बसते, मम्मी तिकडे बसते."

सगळं साध्या आवाजात, रोजचं जेवण सांगावं तसं.

खुशबू पितळेचा पत्रा हातात घेऊन बघत होती. तिनं मान वर केली नाही. "मुलं काहीही बोलतात," म्हणाली. मग, "हा रंग छान आहे."

मी विचारलं, "मॅडम, कडी लावू की नको?"

तिनं आधी बिरजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नको."

गाडी गेली. ते फोन, तो ड्रायव्हर, तो विचारून चढायचा जिना – सगळं मी श्रीमंतीचा नखरा म्हणून लिहून ठेवलंय वर.

२६ जानेवारी, रविवार

रात्रभर विचार केला आणि सकाळी त्या बाईचाच राग आला. शिकलेली आहे. नागपूरला माहेर आहे. रोज कोंडली जात नाही, गाडीतून फिरते, हातात फोन आहे. मग निघत का नाही? पत्र्याचा रंग कसला बघते? अशा बायकांमुळेच मनकर्णाबाईंसारख्यांचं फावतं. हे सगळं बाबांसमोर बडबडले. कढीत मीठ दोनदा पडलं त्या नादात.

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. "तू का पह्यल्याच दिवशी निंगाली व्हती का?"

मी भांडी घासायला उठले.

बाबा मागून म्हणाले, "मी तुले आणाले दोनदा आलो व्हतो. दोन्ही डाव तू मले चहा पाजून वापस धाडलं. आठवते?"

आठवतं. दुसऱ्या वेळी कुलदीप समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता.

२९ जानेवारी

प्रफुल्लचा स्वतःचा फोन. आवाज कसा लोणी. "बाई, पार्टीत बडे बडे लोक येऊन राह्यले. एकेक दार मक्खन चाललं पायजे. आमच्या घरात कशाची कमी नाई, हे दिसलं पायजे लोकाले."

हो म्हटलं. फोन ठेवून हात धुतले.

नूतनताईंशीही बोलले. माझं कोर्टाचं काम त्यांनीच केलं होतं, नागपूरला वकील आहेत. त्या म्हणाल्या, "ती स्वतः बोलली तर मी लगेच येते. तिला न विचारता पोलीस पाठवलेस तर ती त्यांच्यासमोर सगळं नाकारेल, आणि मग घरात तिचं काय होईल ते तुला माहीत आहे." माहीत आहे. पण बोलणार कशी? फोन तो तपासत असणार, दाराशी बिरजू.

२ फेब्रुवारी, रविवार

वरच्या बेडरूमचं दार बसवताना चौकटीत पक्कं अडकलं. गोंद बाहेरच्या बाजूला ओघळला होता. ढकलून उघडेना. शेवटी आतून सुईनं बिजागरीच्या पिना वर ढकलल्या, काढल्या, आणि बिजागरीच्या बाजूनं दार आत ओढलं. गोंद लागलेली कड आपोआप सुटली. दार हातात आलं.

मी ते तसंच हातात धरून बसले.

बाबांना दाखवलं. "मोठ्या दाराचंही असंच निघेल?"

बाबांनी चष्मा काढला. "पिना निंगत्या असन आन् आतल्या अंगानं असन, त निंगन. खिळा पायजे एक. ठोकाले काईतरी जड पायजे. चप्पल नाई चालत."

कोणत्या दाराबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घर पोचवलं. बाबा सोबत आले. टेम्पोतून उतरवताना बिरजूनंही हात लावला. हॉलमध्ये ठेवलं. प्रफुल्ल घुग्घुसला होता.

मी खुशबूला म्हटलं, "मॅडम, एखादं दार अडकलं तर मुलगी ओढेल, मोडेल. दुरुस्ती दाखवून जाते." बिरजू सोफ्यामागं उभा होता. बाबांनी त्याला टेम्पोच्या दोरखंडाबद्दल काहीतरी विचारलं, पण तो हलला नाही. हलला नाही तर नाही. बाहुलीचं दार दाखवायला कुणाची बंदी आहे?

वरच्या बेडरूमचं दार लावलं. बाहेरून बोट दाबून धरलं. "समजा, बाहेरून असं अडकलंय. ढकलून काही होत नाही. पण बिजागरीच्या पिना आतल्या अंगाला असतात. खालून खिळा लावायचा, वर ठोकायचं. टोपी वर येते. सगळ्या पिना काढायच्या आणि या बाजूनं दार आत ओढायचं. पलीकडून कितीही घट्ट असो, सुटतं. तुमच्याकडे दारं आहेत तशाच बिजागऱ्या केल्यात मी. हुबेहूब."

शेवटचा शब्द जरा जोरात गेला.

तिनं पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाली, "घासलं तर याची चमक जाते का?"

टेम्पोत बसलो, निघालो. भिंतीशी बोलले असते तर बरं.

९ फेब्रुवारी, रविवार

पार्टी. "कारागीर बाई" म्हणून मलाही बोलावलं होतं, दारं उघडून दाखवायला. प्रफुल्ल बाहुलीघराशेजारी उभा राहून पाहुण्यांना एकेक खोली दाखवत होता, खुशबूच्या खांद्यावर हात. लोक मोबाइल पुढं करून चित्रीकरण करत होते. एक जाडजूड बाई म्हणाली, "किती नशीबवान आहे खुशबू." बाकीच्या हो हो म्हणाल्या. त्यांच्यातल्या एकीलाही तो हात किती दाबून ठेवलाय हे दिसत नव्हतं. का दिसत होतं आणि केक महत्त्वाचा होता?

खुशबूनं मला केक दिला. नजर दिली नाही. दिव्यानीनं मात्र माझा हात धरून ठेवला होता.

१३ फेब्रुवारी

काही नाही. गेली ती गोष्ट. तिला चमक पाहिजे, चमक मिळाली. पोंभुर्ण्याच्या एका शाळेनं लहानशी शाळाच करून मागितली आहे, बाकांसकट. तिला दारं नाहीत, बरं झालं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खुशबू आली. दुपारच्या एसटीनं, दिव्यानीला घेऊन. पोरगी गणवेशात, हिच्या पायात घरातल्या सपाता. बिरजू प्रफुल्लला घेऊन नागपूरला गेलाय, मागचं फाटक सुकरीनं उघडून दिलं. हाताची सालटी निघाली आहेत. म्हणाली, "वरच्या दोन लगेच निघाल्या. खालची फार घट्ट होती." एवढंच.

मी फोन लावून दिला, नूतनताईंशी ती स्वतः बोलली. त्या निघाल्या आहेत. दोघी आत झोपल्यात. मनकर्णाबाई विचारायला आल्या होत्या, कोण पाहुणे म्हणून. बाबांनी सांगितलं, "माही पोरगी हाय." आणि दारापुढं खुर्ची टाकून बसले.