बघून येते

४ ऑक्टोबर

आज कामावर रुजू झाले. या वयात नवी नोकरी, तीही एवढ्या मोठ्या दुकानात! मुलगी फोनवर म्हणाली, आई, गुडघे सांभाळ. मी म्हटलं, घरी बसून बसून गुडघ्यांनाच कंटाळा आलाय.

दुकान चार मजली. पूर्वी इथे सुईपासून पलंगापर्यंत सगळं मिळायचं. लोक नुसतं फिरायलाही यायचे. आता वरचे दोन मजले बंद आहेत. सरकता जिना सरकत नाही, त्याच्यावरून आपल्याच पायांनी चढायचं. अत्तराच्या काउंटरवर रिकाम्या बाटल्या मांडल्या आहेत. मला तळमजल्यावर बायकांचे कोट दिलेत. कोट थोडे आणि दांड्या फार, म्हणून दोन कोटांत वीतभर अंतर ठेवायचं, म्हणजे दांडी भरल्यासारखी दिसते. हे मला गल्ल्यावरच्या ताईंनी शिकवलं. त्या इथल्या सगळ्यात जुन्या, तोंडाने तिखट, पण आपला डबा पुढे सरकवणाऱ्या.

कोटांचंच काम मी मागून घेतलं. आमचे हे तीन वर्षांपूर्वी गेले. त्याआधीच्या थंडीत त्यांनी इथे माझ्यासाठी एक हिरवा कोट बघितला होता. विकणाऱ्या बाईंना म्हणाले, बायकोला घेऊन येतो. घरी येऊन मला सांगितलं, खुलून दिसेल तुला. मग दुखणं निघालं आणि ते राहूनच गेलं. आज सगळ्या दांड्या चाळल्या. हिरवा कोट नाही. नसणारच.

हे छापखान्यात होते. बिघडलेले कागद घरी आणायचे, त्यांवर मी वाचायला शिकले. बहुतेक गोष्टींचं शेवटचं पान नसायचं. मग शेवट मी रचायचे आणि लिहून ह्यांना वाचून दाखवायचे. आता ऐकणारं कोणी नाही, तरी लिहिण्याची सवय आहे.

६ ऑक्टोबर

मॅनेजरने नियम सांगितला. तरुण पोरगा, भांग पाडलेला, शर्टाला कडक इस्त्री. गिऱ्हाईक काही न घेता निघालं तरी त्याच्या तोंडून ‘येतो’ वदवून घ्यायचं. बघून येते, विचारून येतो, काहीही चालेल, पण ‘येतो’ हवं. आपण कोणाला ‘जा’ म्हणायचं नाही. संध्याकाळी निघताना आपणही त्याला ‘येते’ म्हणूनच निघायचं.

मी म्हटलं, त्यात नियम कसला? निघताना ‘जाते’ असं कोणीच म्हणत नाही. मेलेलं माणूस तेवढं ‘जातं’. तो हसला. म्हणाला, मावशी, म्हणूनच तर आपलं दुकान अजून उभं आहे.

उभं आहे म्हणे, ताई मागून पुटपुटल्या, वाकलंय मेलं. आणि हा पोरगा? मी लागले तेव्हापासून हा असाच आहे. मला हसू आवरेना.

९ ऑक्टोबर

आज एक बाई हातमोजे घ्यायला आली. मोजे काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, कुलपासाठी बेल दाबायची. बेल दाबून तिचं बोट दुखलं. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर बेपत्ता. तोवर कोट बघावा म्हणून तिने आरसा विचारला तर आरसा कपडे घालून बघायच्या खोलीत, आणि त्या खोलीत खोकी कोंबलेली. मीच मोबाइलचा उजेड धरून तिला काचेत बघायला लावलं. शेवटी ती बघून येते म्हणाली. दाराची घंटी टिंग वाजली. ही घंटी माणूस आत आलं की वाजते आणि बाहेर पडलं की वाजते. ताई म्हणाल्या, आता कुठली येतेय!

मग एक आजी दिसल्या. जांभळी लोकर कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. लोकरीचा विभाग बंद होऊन कित्येक वर्षं झाली, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, अगं, मी बघून येते म्हणाले होते ना.

त्या आल्या तेव्हा घंटी वाजली नव्हती. बिघडली असेल.

११ ऑक्टोबर

घंटी ठीक आहे. मी स्वतः आतबाहेर करून पाहिलं.

आजी अजून तिथेच, खांबापाशी. आज एक गृहस्थही आहेत, बुटांच्या रिकाम्या फळ्यांसमोर. बायकोला विचारून येतो म्हणालो होतो, असं सांगतात. एक बाई हातात पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन. तिला खिडकीचं माप घेऊन यायचं होतं. कोणी काही घेत नाही, कोणी जात नाही. ओल्या फरशीवरून चालतात आणि पाऊल उठत नाही. मी दोनदा वाकून पाहिलं.

मॅनेजर खुशीत आहे. मावशी, गर्दी परत येतेय बघा, म्हणाला.

१३ ऑक्टोबर

ताई आज निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी येणार नाही, गल्ला मीच बघायचा. निरोप म्हणून मॅनेजरने त्यांना दुकानातलीच छत्री दिली, तिची एक काडी मोडलेली. ताई म्हणाल्या, इतकी वर्षं राबले त्याचं सार्थक झालं. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. दारात वळून त्यांनी हात हलवला. येते गं, म्हणाल्या.

मुलीला त्या उभ्या माणसांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, आई, आजच्या आज सोड ती नोकरी. मी म्हटलं, बघते.

१६ ऑक्टोबर

ताईंची भाची दुकानाच्या किल्ल्या द्यायला आली होती. ताई शनिवारी झोपेतच गेल्या. ती दारातूनच परतली, आत आली नाही.

बरं झालं आली नाही. ताई सकाळपासून गल्ल्यावर उभ्या आहेत. घंटी वाजली नाही. काखेत ती छत्री.

मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, पाय फार दुखतात गं.

मला भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त राग आला. जन्मभर उभं राहिलेल्या बाईला मेल्यावरही बसायला स्टूल नाही?

१७ ऑक्टोबर

आज गेले ते कंबर कसूनच.

आधी लोकरीच्या आजी. आजी, तुमची लोकर संपली, मी म्हटलं. दुकान बुडालंय. बघून येते म्हणालात, आलात, झालं. आता जा. परत येऊ नका.

हा शब्द मी जन्मात कोणाला म्हटला नव्हता. ओरबाडल्यासारखा बाहेर आला. आजींचा चेहरा मात्र असा सैल झाला, जशी कोणी पाठीवरची गोणी उतरवून घ्यावी. जाते गं बाई, म्हणाल्या. दाराशी गेल्या. टिंग.

घंटी वाजली! आल्या तेव्हा नाही, गेल्या तेव्हा वाजली.

मॅनेजर कुठूनसा उगवला. पहिल्यांदाच त्याच्या कपाळावर आठी बघितली. मावशी, आपण इथे कोणाला जा म्हणत नाही. मी म्हटलं, तुम्ही नसाल म्हणत, मी म्हणते. काय करायचं ते करा.

१८ ऑक्टोबर

बुटांचे गृहस्थ. टिंग. पडद्यावाली. टिंग.

ताईंना ‘जा’ म्हणताना रडू आलं. ताई म्हणाल्या, बरी आहेस गं, मला हाकलतेस. छत्री गल्ल्यावर ठेवली. म्हणाल्या, तूच ठेव, मोडकी आहे पण. जाते. टिंग.

उघडायच्या आधी आज मी दाराबाहेर उभी राहून पाहिलं. मॅनेजर बाहेरून येत नाही. तो आतच असतो. त्या लागल्या तेव्हापासून हा असाच आहे, ताईंनी सांगितलं होतं की मला. मी हसले होते.

१९ ऑक्टोबर

मॅनेजर आज फार गोड बोलला. मावशी, इतरांना पाठवलंत, हरकत नाही. तुमचं एक गिऱ्हाईक यायचं आहे. बायकोला घेऊन येतो म्हणाले होते. शब्द पुरा व्हायला दोघं लागतात.

समजलं मला. हे आले, मी तो कोट अंगात घातला, की दोघं ‘आलो’. मग आम्हीही या खांबांपाशी, कायमचे. आणि मी तर रोज संध्याकाळी त्याला येते, येते म्हणत आले आहे. मी अर्धी बांधलेलीच आहे.

मुलगी म्हणते, जाऊ नकोस तिथे, शपथ आहे. कशी सांगू तिला? मी गेले नाही तर तिचे वडील तिथे एकटे उभे राहतील. वाट बघत. पाय दुखत.

दवाखान्यात न्यायला गाडी आली, त्या सकाळी हे दारात म्हणाले, येतो. मी म्हटलं, या लवकर. पोटात होतं, जाऊ नका. तोंडाने म्हटलं, या.

तीन वर्षं मी तो ‘येतो’ धरून बसले आहे. मग त्या दुकानात आणि माझ्यात फरक काय?

आहे. मी सोडू शकते.

२१ ऑक्टोबर

हिरवा कोट आलाय. मधल्या दांडीवर, एकटाच. खरंच सुंदर आहे. ह्यांची नजर चांगली होती.

हात लावला नाही.

२२ ऑक्टोबर, दुपार

घंटी वाजली नाही.

कोटाशेजारी उभे आहेत. पाठमोरे. डावा खांदा जरा उतरलेला — छापखान्याची सवय. मानेवरचे केस मीच कापायचे.

अजून वळले नाहीत.

मॅनेजर मागे. श्वास नाही त्याला, आता कळतंय. घालून तर बघा मावशी, म्हणतो. बघायला काय जातंय?

जातं रे बाबा. सगळं जातं. जायलाच हवं.

मी गल्ल्यावर आहे. ताईंची छत्री घट्ट धरली आहे, हसू येतंय तिचं. आधी ह्यांना पाठवीन. मग दारात जाऊन तोंड भरून म्हणीन, जाते. ऐकू दे चारही मजल्यांना.

जीभ जड झालीय. म्हणून आधी इथे लिहिते, मग वाचून दाखवते. ह्यांना मी नेहमी वाचूनच दाखवायचे —

कोट तुम्हीच निवडलात, खुलून दिसला असता, मला पटलं. शब्द पुरा झाला. मला नको तो. तुम्ही दमलात —

वळताहेत —

तेच डोळे —

काही म्हणताहेत, ओठ हलताहेत, चल म्हणताहेत का — नाही. ऐकणार नाही. आधी माझं. एकच शब्द आहे, लिहिते —

अहो, जा