उशीला कळी

९ मार्च

याही वर्षी कळ्या गायब! काल होत्या, आज नुसता हिरवा गोळा. उंच डोंगरावरचं रोप ते. आमच्या अंगणात, कठड्यावर बाबांनी रचलेल्या दगडांच्या फटीत. उशीसारखं फुगतं म्हणून नावच उशी. पण फुलायचं नाव नाही!

आई म्हणाली, "गोगलगाई असतील."

बाबांचा उजवा हात लुळा पडला, ते चाकाच्या खुर्चीत आले, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं — "एवढी उशी फुलवून दे, मग तू मोकळी." फूल नखाएवढं. अडकलेय मी अख्खी!

१२ मार्च

मैत्रिणीचा फोन. तिच्या नाटकवाल्यांनी माझी जागा अजून धरून ठेवलीय. "येतेयस, की मुहूर्त काढतेयस?"

१३ मार्च

म्हटलं, खत घालून बघू. बाबा खुर्चीतून ओरडले, "लाड नकोत! खडी घाल. खाऊनपिऊन सुखी झाली की कुजते ती."

घातली खडी.

१७ मार्च

परत दोन कळ्या! भोवती राख पसरली. या म्हणावं आता, गोगलगाई!

१८ मार्च

गेल्या. राखेवर एक रेघ नाही.

१९ मार्च

मी बाबांची नखं कापत होते. डाव्या अंगठ्याच्या नखात हिरवं.

तेच म्हणाले, "पहिल्या वर्षी कळ्या खुडाव्या लागतात. त्याशिवाय मूळ धरत नाही."

"हे तिसरं वर्ष आहे, बाबा."

त्यांनी हात काढून घेतला. अर्धी नखं तशीच राहिली.

२० मार्च

बाबा, माझ्याकडे न बघता — "परत नाही हात लावणार. फूल आलं की जा तू."

आई एकच ताट घासत राहिली. कितीतरी वेळ.

जिंकले! पण बॅग काही काढली नाही.

२६ मार्च

मैत्रीण — "सोमवारी ये. आणि ते तुझं नाटक आण, लिहितेयस ते!"

कुठलं नाटक? वर्षभरात एक ओळ नाही. सगळ्यांना सांगत आले, इथे सुचत नाही, इथून सुटले की बघा! तिथे गेल्यावर काय सांगू?

२७ मार्च

एक कळी. टोकाला गुलाबी. कुणाला दाखवली नाही.

२८ मार्च

आई-बाबा डॉक्टरकडे गेलेत.

मीच खुडली. आल्यावर आईला तुटका देठ दिसेल, आणि ती बाबांकडेच बघेल.