कॅमेऱ्यामागची हाक

सोमवार, ४ मार्च
देवाच्या कृपेने नव्या घरात सामान लागलं. पुढची खोली मोठी, उजेड भरपूर. तिथे यांचा स्टुडिओ. कंपनीतली कायमची नोकरी सोडून हे आता लोकांच्या पाळीव जनावरांचे फोटो काढणार. धाकटे दीर फोनवर म्हणाले, वहिनी, दादा इतकी वर्षं साहेबापुढे शेपूट हलवत होता, आता शेपट्यांचेच फोटो काढेल. मी हसले. शिल्लक सगळी कॅमेऱ्यात गेली, हे काही सांगितलं नाही. मागचा पडदा मात्र विकत आणू दिला नाही. जुनी निळी चादर इस्त्री करून भिंतीला लावली. झकास दिसते.

गुरुवार, ७ मार्च
मलाही काम मिळालं. जनावर चादरीपुढच्या स्टुलावर बसतं. मी कॅमेऱ्यामागे, यांच्या पाठीशी उभं राहून बोलवायचं, म्हणजे ते भिंगात बघतं. नाव घ्यायचं नाही, नाव ऐकलं की कुत्रं उडी मारून धावत येतं. म्हणून नुसतं ये, ये, इकडे ये. मॅट्रिक होऊन एवढी वर्षं झाली, आता कुठे पहिली नोकरी लागली. पगार तेवढा नाही.

मंगळवार, १२ मार्च
वैताग आलाय. एकही जनावर भिंगात बघेल तर शपथ. सगळ्यांची नजर माझ्यामागे, दाराच्या वरच्या कोपऱ्यात. शिडी लावून तिथलं जाळं झाडलं, तरी तेच. एका बाईंनी फोटो घेतलेच नाहीत. आमचा बोका काय छत तपासायला आला होता का, म्हणाल्या. हे माझ्यावरच घसरले, तुला साधी हाक मारता येत नाही म्हणून. घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि वर बोलणीही खायची.

शुक्रवार, १५ मार्च
आज सगळी कोपरा सोडून उंबऱ्याकडे बघत होती. हे म्हणाले, सुधारणा आहे, अजून जोरात बोलव. बोलवलं. दुपारचा पोपटही उंबऱ्याकडेच. जेवताना मी विचारलं, कंपनीत परत घेतील का? हे भरल्या ताटावरून उठले. अन्न टाकवेना, मीच दोन्ही ताटं संपवली.

बुधवार, २० मार्च
ससा, दोन कुत्री. तिघांची नजर थेट माझ्या खांद्यामागे. वळून पाहिलं, खोली मोकळी. हे खूश, आता थोडंच राहिलं म्हणाले. मानेला गार लागत होतं. मनात देवाचं नाव, तोंडाने ये, ये.

शनिवार, २३ मार्च
आज सगळ्यांनी थेट भिंगात पाहिलं. फोटो बघून मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे लहान मुलासारखे नाचले.
संध्याकाळी तेच फोटो मी पुन्हा पाहिले. कान मागे पडलेले, पाठीवरचे केस ताठ. ती भिंगात बघत नाहीत. भिंगाला डोळा लावलेल्या यांच्याकडे बघतायत. यांच्या जवळ काहीतरी—
जनावरं तर स्टुलावर बसलेलीच होती. मग मी ये म्हटल्यावर आलं कोण?

सोमवार, २५ मार्च
एकही कुत्रं दारातून आत येईना. मालकांनी ओढलं तरी नाही. सगळे परत गेले. यांना त्याचं काही नाही. कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेत. स्टूल रिकामं. चहावर साय धरली. मी यांच्या खांद्याला हात लावला तर म्हणाले,
"हलू नकोस. आता बघतंय ते."

मंगळवार
दिरांना फोन केला. निघालेत. तोवर मी काय— हे जेवले नाहीत. पापणी लवत नाही. हात धरून ओढलं, जागचे हलेनात. जा, जा म्हणून पाहिलं. जात नाही—

मधल्या खोलीत देवापाशी बसलेय. इथून यांची पाठ दिसते. ऊन आहे अजून. आत्ता हाक मारली, अहो, इकडे या.

पावलं वाजली.

हे तिथेच आहेत. पाठ दिसतेय.

नाव घेऊन बोलवायला हवं होतं. लग्नापासून एकदाही घेतलं नाही— आता घेते, देवा, मोठ्याने घेते— पावलं दाराशी— यांचं नाव—